वरचा रकाना

चैतालीचा अर्ज पुन्हा फिरायला लागला. पडद्यावर नाव आलं, अमरसिंह. मग वनमाला. मग अमरसिंह. पुन्हा वनमाला.

घाण्याच्या बैलासारखा तो गोल गोल चालला होता, आणि घाण्याला तिनंच त्याला जुंपलं होतं. माजलगावकडच्या त्या शिक्षण संस्थेत प्रत्येकाची नोंद सर्व्हरवरच्या एका डिरेक्टरीत होती. नोंदीत एक रकाना, वरचा अधिकारी कोण. चैतालीनं लिहिलेला प्रोग्राम डिरेक्टरीला विचारायचा, याच्या वर कोण? मग त्याच्या वर कोण? रकाना कोरा सापडला, की तोच सगळ्यात वरचा माणूस. त्याच्या मोबाइलवर अर्ज मंजुरीला जायचा. साध्या रजा प्राचार्यांपाशीच मिटायच्या. कार्यमुक्तीचा अर्ज मात्र थेट टोकाला जाणार, आणि तसा अर्ज करणारी चैताली पहिलीच.

उद्या तिला अंबाजोगाईला नव्या नोकरीवर हजर व्हायचं होतं. इथून सुटका झाली नाही तर ती नोकरी गेलीच म्हणायची.

"मी कुठं अडवतोय?" सचिव अमरसिंह सकाळीच हसून म्हणाले होते. "सिस्टीमनं सोडलं की जा बिनधास्त."

तेव्हाच तिला घोळ लक्षात आला होता. कागदावर अध्यक्ष त्यांची बायको, वनमालाबाई. म्हणून सचिवांच्या वर अध्यक्ष. पण बायकोच्या वर आपलं नाव पाहिजे, असं अमरसिंहांनी बजावलं होतं, आणि चैतालीनं ते मुकाट टाकलं होतं. आता त्यात तिचाच गळा अडकला. दुरुस्ती चुटकीसरशी झाली असती, पण त्या नावाला परस्पर हात लावायची छाती कुणाची?

अमरसिंह फोनवर बोलत ऑफिसातून व्हरांड्यात गेले. आत वनमालाबाई उरल्या, सहीपुरत्या आणलेल्या. एरवी त्या मान खाली घालून बसत. आज त्या पडद्याकडं बघत होत्या.

"हे कावून फिरायलंय गं?"

चैतालीनं चाचरत सांगितलं. "मॅडम, साहेबांच्या वर तुमी. अन् तुमच्या वर साहेब. म्हणून ते थांबंनाच."

"माझ्या वर ह्यांचं नाव कुणी टाकलं?"

"मीच. साहेबांनी सांगितलतं."

बाईंनी खुर्ची पडद्याजवळ ओढली. अमरसिंह, वनमाला, अमरसिंह, वनमाला. बघता बघता त्यांचा चेहरा ताठ झाला.

"अध्यक्ष मी हाय ना? मग काढ ते."

तिला भीती वाटली आणि त्याहून जास्त आनंद झाला. तिनं रकाना कोरा केला. अर्ज वर गेला आणि वनमाला या नावापाशी थांबला.

व्हरांड्यात अमरसिंहांच्या खिशात मोबाइल वाजला. हातातल्या फोनवर ते बोलतच होते. खिशातला दुसरा होता. तो काढून त्यांनी वाचला आणि कपाळाला आठ्या घालून ते दारात आले.

वनमालाबाईंनी खुर्चीतून न उठता हात पुढं केला.

"आणा इकडं. माझा हाय तो."