मोठ्यानं बोलणारं यंत्र

“हेही नको.” मुर्यातीनं यंत्र टेबलावर परत ठेवलं. “नुसती गुळगुळीत काच. बोटाला काही लागतच नाही.”

“बोटं माझी आहेत ना, दिक?” सार्जोनो बायकोला म्हणाला.

जावातल्या सोलो शहरात, अंध मंडळाच्या कचेरीत तो दुपारपासून रस्ता सांगणारी यंत्रं चाचपत बसला होता. आपण कुठं आहोत, कुठं वळायचं, सगळं ही यंत्रं बोलून सांगत. दाखवायला पालुपी होती, जन्मापासून आंधळी आणि जिभेनं तिखट.

सार्जोनोला एकच हवं होतं, क्रोंचोंग गाण्यांच्या तालमीला एकट्यानं जाणं. लग्न झाल्यापासून तो बायकोच्या कोपराला धरूनच गावभर हिंडला. घरातून निघताना कोपर धरायचा आणि म्हणायचा, “पायरी आली की सांग.” तिनं कधी कंटाळा केला नाही. पण गेल्या वर्षापासून तिचं काहीतरी बिनसलं होतं. तालीम रंगात आली की हिची भुणभुण सुरू, दिवस मावळायच्या आत घरी चला. सोबती ओरडायचे, “चला, सार्जोनोची शाळा सुटली!” कापडावर मेणानं नक्षी काढायचं बाटिकचं कामही तिनं सोडलं होतं, पाठ दुखते म्हणे. आता नवऱ्याला सांभाळणं एवढाच तिचा उद्योग उरला, असं त्याला वाटे. त्याचा जीव गुदमरे, आणि असं वाटल्याची लाजही वाटे.

पालुपीनं कानशिलावर बसणारं यंत्र दिलं. “हे फक्त तुमच्याशी बोलेल, बापाक. शेजारच्याला पत्ताही लागणार नाही.”

“हेच!” सार्जोनो खुलला.

“आणि मला कसं ऐकू येणार?” मुर्यातीनं विचारलं.

“तुला कशाला ऐकायला हवं? तुला डोळे आहेत.”

तिनं यंत्र हातात घेऊन चाचपलं. मग म्हणाली, “पायऱ्या सांगतं का हे? उघडी गटारं?”

“नाही, इबू. गल्ली सांगतं, वळण सांगतं. पायरी काठीनंच शोधायची.”

“मग काय उपयोग?”

“नवऱ्याला सोडवत नाहीये वाटतं,” पालुपी हसली. सार्जोनोही हसला, पण मनातून चिडला. बायको मुद्दाम खुसपटं काढते आहे, हे आंधळ्यालाही दिसत होतं.

शेवटी तिनंच निवडलं. मुठीत मावणारं, जाड बटणांचं, खणखणीत आवाजाचं. एकेक बटण तिनं स्वतः दाबून पाहिलं, पुन्हा पुन्हा.

“सगळी गल्ली ऐकेल,” सार्जोनो कुरकुरला.

“ऐकू दे.”

एकटं जायला मिळणार असेल तर लोकांनी ऐकलं म्हणून काय बिघडतं? त्यानं यंत्र गळ्यात अडकवलं आणि काठी उघडली. बाहेर दिवस मावळून मगरिबची बांग सुरू झाली होती. आज मात्र मुर्यातीनं घरी जायची घाई केली नव्हती.

“तुम्ही पुढं व्हा, मास,” ती दारात म्हणाली.

इतक्या सहज? परीक्षा घेते आहे, त्यानं ताडलं. “आणि तू?”

“मी आहे मागं.”

यंत्र मोठ्यानं बोललं, “उजवीकडे वळा.” सार्जोनोनं छाती फुगवून काठी पुढं टाकली. तेवढ्यात तिचा हात त्याच्या पाठीवरून चाचपडत खाली आला आणि कोपराशी थांबला.

“मास,” ती म्हणाली, “पायरी आली की सांगा हं.”