गिअर कासवावर, थ्रॉटल सशावर

"सशावर! गिअर सशावर टाकला कार्टीनं!" एल्डननं ओसरीवरच्या खुर्चीवर मूठ आपटली. "वर्ना, बघतेयस ना?"

त्याची बायको दारात बटाटे सोलत उभी होती. "बघतेय की," ती म्हणाली, आणि बघतच राहिली.

समोर त्यांची लेक मार्ला छोटा ट्रॅक्टर पळवत होती. लिव्हरवर जोरात जायला ससा आणि हळू जायला कासव, दोन्ही चित्रं ढळढळीत काढलेली, तरी हिनं ससाच धरला होता. मागचा रोटाव्हेटर नुसता उड्या मारत होता आणि ही डोक्याएवढाली ढेकळं पडत होती. ओहायोच्या चिकट मातीत शेणखत आणि पालापाचोळा घालता घालता एल्डनची हयात गेली होती. त्याच्यासारखा घेवडा त्या रस्त्यावर कुणाकडे यायचा नाही.

"गिअर कासवावर, थ्रॉटल सशावर! चाकं हळू, इंजिन जोरात! मांडीवर बसवून शिकवलंय हिला!"

"इंजिनाच्या आवाजात ऐकू जातंय होय तिला!"

"मग तू जा, सांग!"

"आणि बटाटे कोण सोलणार?"

बटाटे! त्याच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. हिवाळ्यात अर्धांगाचा झटका येऊन दवाखान्यातून आल्यापासून घरात त्याचं कुणी ऐकत नव्हतं. डावा पाय तर मुळीच ऐकत नव्हता. व्यायाम करून घ्यायला आलेल्या नर्सबाईला त्यानं शिव्या घालून हाकललं होतं. काल जेवताना मार्ला सरळ म्हणाली होती, "डॅडी, असंच बसून राहायचं असेल तर हे घर विकू. कोलंबसला चला माझ्याकडे. लिफ्ट आहे, बाल्कनी आहे."

बाल्कनी! कुंडीत घेवडा लावायचा म्हणे!

आता त्याला उमजलं. जागा विकायचीच आहे, मग माती गेली खड्ड्यात.

कडेला वळताना मार्लानं ओसरीकडे पाहिलं आणि पुढच्या ओळीला ट्रॅक्टर जवळपास थांबवलाच. रोटाव्हेटर एकाच जागी गरागरा फिरू लागला.

"आता दळत बसली! अगं, पीठ करतेय पीठ! एक पाऊस झाला की सिमेंट होईल त्याचं!"

 सोललेलाच बटाटा वर्ना पुन्हा सोलत होती.

"थांब, भवाने!"

एल्डन उठला. कठड्याला काठी टांगलेली होती. कुणी टांगली, हे विचारायला त्याला सवड नव्हती. एकेका पायरीला एकेक शिवी हासडत तो खाली उतरला आणि पाय ओढत, धापा टाकत, गवत तुडवत थेट ट्रॅक्टरसमोर जाऊन उभा राहिला. काठी बॉनेटवर आपटली.

"अक्कल गहाण टाकलीस काय?"

मार्लानं क्लच दाबला. त्यानं वाकून स्वतः गिअर कासवावर ओढला, थ्रॉटल सशावर ढकलला.

"चालव आता."

माती रव्यासारखी मोकळी पडू लागली.

"याला म्हणतात माती!"

"चुकलं, डॅडी," मार्ला मान खाली घालून म्हणाली.

ती ओळ संपेपर्यंत तो तिथंच उभा राहिला. मग बडबडत, कुणाचा हात न घेता ओसरीवर परतला आणि खुर्चीत बसल्यावरही लेकीचा उद्धार करत राहिला.

मार्ला मागच्या दारानं स्वयंपाकघरात आली. वर्नानं ओसरीकडचं दार लोटलं, अॅप्रनला डोळे पुसले आणि हळूच विचारलं,

"उद्या काय बिघडवायचं?"