पाठीवरचं हिरवं बटण

"पोरी, वीज गेली की मोटार थांबते, पण वीज आली म्हणून तिला आपणहून फिरू देऊ नये. आत कुणाचा हात असला तर?" यंत्रमागात दोन बोटं गमावलेले वडील लहानग्या सुगंधाला सांगायचे.

पुढं हृदय निकामी झालेल्या माणसांच्या छातीत विजेवरच्या मोटारी बसल्या, तेव्हा कारखान्यांचा तोच नियम त्यांनाही लागला. वीज परतली की दुसऱ्या कुणीतरी पाठीवरचं हिरवं बटण दाबायचं. तोवर छातीतला प्राणवायूचा साठा तीन मिनिटं पुरायचा.

आज दुपारी वीज गेली, तशी सुगंधाच्या नवऱ्याची, गजेंद्रची, मोटार थांबली. मिनिटभरात वीज आली. छताचा पंखा आपसूक फिरू लागला.

पालथा पडलेला गजेंद्र हसला. "दाब की गं! मुहूर्त बघतेस का?"

सुगंधाचं बोट बटणापाशी थबकलं. अकरा वर्षं ती दर वेळी धावत आली होती.

"सुगंधे... अगं, जीव जातोय." त्याचे ओठ निळे पडू लागले.

तिनं हात पदरात गुंडाळला आणि अंगाई म्हणावी तशी ती त्याच्या कानाशी वाकली.

"आपली मुक्ता तापानं अचानक गेली, असं मी जगाला सांगत आले. दवाखान्यात न्या म्हणून मी तुमचे पाय धरले होते. तुम्ही दाराला कुलूप घातलंत. 'पोरगीच तर आहे,' म्हणालात."