दात्याचा खुराक

नव्या स्कॅनचा रिपोर्ट डॉक्टर सरनाईकांनी टेबलावर आपटला. दोन महिन्यांपूर्वी त्यांनी दिगंबरला बजावलं होतं, "तुमच्या लिव्हरमध्ये चरबी आहे. सात किलो उतरवा, तरच त्याचा तुकडा तुमच्या थोरल्या बहिणीला देता येईल." आज वजन चार किलोनं वाढलं होतं आणि चरबीही वाढली होती.

"रोज चालत होतो की मॅडम, पार नदीपर्यंत," तो खालमानेनं म्हणाला.

"आणि खात काय होतात?"

दिगंबर जरा घुटमळला. "सकाळ-संध्याकाळ दोन-दोन डिंकाचे लाडू. चरबीचं मी घरात बोललो नव्हतो. देणाऱ्याच्या अंगात ताकद पाहिजे म्हणून केले, मग नाही म्हणवलं नाही."

डॉक्टरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन महिने पाण्यात, आणि पेशंटकडे तेवढेही उरले नव्हते. "कुणी केले? बाहेर असतील तर बोलवा आत."

फुगलेलं पोट सावरत थोरली बहीणच आत आली. डोळे हळदीसारखे पिवळे, हातात स्टीलचा डबा.

"आता ऑपरेशन कधी, मॅडम? ह्याला खाण्यात काही कमी पडू दिलं नाही बघा मी."