निळीचं वळं

आठ वाजून बारा मिनिटांनी त्याने रबरी वळं शर्यतीच्या घड्याळात टाकलं आणि दांडी दाबली. खट् असा आवाज झाला. आतल्या पट्टीवर वेळ उमटली, आणि आता ती पुसता येणार नव्हती.

वळं होतं, पण त्याच्या निळी कबुतरीच्या ज्या पायातून ते काढायचं तो पाय अजून आलाच नव्हता.

त्याने वर पाहिलं. आभाळ स्वच्छ होतं, एकही पाखरू दिसत नव्हतं. समोरच्या गच्चीवर शर्यतीतला त्याचा प्रतिस्पर्धी औषधवालाही नव्हता. एरवी शर्यतीच्या सकाळी तो मान दुखेपर्यंत वर बघत उभा असायचा. बरंच झालं, त्याला वाटलं, तोंड दाखवावं लागलं नाही. फोन तर त्याने सकाळी उठल्यावरच बंद करून ठेवला होता.

कबुतरांच्या क्लबात सगळे त्याला शेपूट म्हणायचे. सहा वर्षांत एकदाही त्याचं पाखरू पहिल्या दहात आलं नव्हतं. पंख्यांच्या आणि मोटारींच्या वाइंडिंगमध्ये त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, पण ढाबळीपुढे त्याची अक्कल चालत नव्हती. गेल्या महिन्यात औषधवाल्याने भर रस्त्यात, जावयासमोर, "काय शेपूटराव!" अशी हाक मारली. जावई हसला नाही, नुसतं दुसरीकडे बघू लागला. ते त्याला जास्त लागलं.

त्याला कबुतरांचा नाद लावला होता घड्याळजींनी. ते क्लबाचे अध्यक्ष. पहिली जोडी त्यांनीच दिली होती. "छोट्या शर्यतीत पाखरू हरत नाही रे," ते म्हणायचे, "मालक हरतो. आभाळात मिळवलेली मिनिटं तुझी पाखरं टाकीवर बसून उधळतात. आधी त्यांना घरात शिरायला शिकव."

म्हणून दोन महिने त्याने निळीच्या मागे जिवाचं रान केलं. दाणे निम्म्यावर आणले. डबा वाजवला तरच दाणा, नाहीतर नाही. रोज स्कूटरवर टोपली बांधून आज पूल, उद्या टोलनाका असं लांब लांब जाऊन तिला सोडलं. शेवटच्या अकरा वेळा ती टाकीकडे न बघता सरळ ढाबळीत शिरली होती.

आणि तरीही काल संध्याकाळी, सगळ्यांच्या टोपल्या ट्रकने लांबच्या गावी निघायच्या वेळी, त्याचा धीर सुटला. सकाळी तिथूनच पाखरं सोडायची होती.

घड्याळजींनी निळीच्या पायात शर्यतीचं वळं चढवलं; पाखरू घरी परतलं की तेच काढून घड्याळात टाकायचं. त्यानंतर मालकाने पाखराला हात लावायचा नाही, असा नियम. पण त्यांनी ती त्याच्याच हातात दिली. "ठेव टोपलीत," म्हणाले, आणि पुढच्याकडे वळले. टोपलीपर्यंत चार पावलं होती. तेवढ्यात वळं त्याच्या खिशात गेलं.

साडेनऊ झाले, दहा झाले. निळी आली नाही. बहिरी ससाण्याने तर गाठलं नसेल? तिला फसवलं ते फसवलं, वर तिचा जीवही गेला असेल, या विचाराने त्याला स्वतःची किळस आली.

बायको जिन्यातूनच म्हणाली, "फोन कशाला बंद ठेवलाय? घड्याळजींचा मला आला होता. घड्याळ घेऊन एकटाच ये म्हणाले. निळी आली का?"

"आली."

"सुटले बाई एकदाची! आता जरा माणसात या."

तिची नजर चुकवून तो खाली उतरला.

क्लबाच्या खोलीत घड्याळजी एकटेच होते. खुर्च्या अजून भिंतीला लावलेल्या होत्या. त्याने घड्याळ टेबलावर ठेवलं.

"किती?" त्यांनी विचारलं.

"आठ बारा."

घड्याळजींनी घड्याळ जवळ ओढलं. मग घड्याळाच्या सीलवरून बोट फिरवत म्हणाले, "जुनं यंत्र आहे. कधी कधी नुसता धक्का लागला तरी वेळ उमटते. तसं काही झालं असेल तर सांग. सील मी अजून तोडलेलं नाही."

त्याचे कान गरम झाले. शेपटाची जिंकायची पाळी आली की यंत्र बिघडतं होय? "नाही काका. मी स्वतः दांडी दाबली."

"कुठून आली?"

"पुलाच्या अंगाने."

"टाकीवर बसली?"

"नाही. डबा वाजवला आणि सरळ आत."

"वारा कसा होता?"

"पाठीवर होता." एकदा तोंड उघडल्यावर त्याला थांबता येईना. तो निम्म्या दाण्यांचं बोलला, पुलाचं, टोलनाक्याचं बोलला. ते सगळं खरं होतं, म्हणून ते सांगताना त्याला आणखीच लाज वाटत होती. घड्याळजी चष्मा काढून पुसत राहिले. काच स्वच्छ झाली तरी पुसतच राहिले.

"मला भरवसा होता तिच्यावर," अखेर ते म्हणाले. "तुझ्यावरही होता."

 सांगून टाकावं. आत्ता, या क्षणी. पाय धरावेत. "काका..." तो म्हणाला.

"बोल."

त्याला जावयाची दुसरीकडे वळलेली मान आठवली.

"काही नाही. पट्टीवर आठ बाराच निघेल."

बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला. मागोमाग औषधवाल्याचा आवाज आला, आणखी दोघातिघांचे आले. घड्याळजी उठले. घड्याळ त्यांनी तसंच, सील न तोडता, त्याच्याकडे सरकवलं.

"जा, सगळे यायच्या आत तुझी निळी उतरवून घे."

"निळी?"

"तिकडे सकाळपासून दाट धुकं आहे," घड्याळजी त्याच्याकडे न बघता म्हणाले. "आज एकही पाखरू सोडलेलं नाही."