थोपटणं

बारा वर्षांनी आमचा जुना रॉक बँड पुन्हा लोकांच्या कानात वाजू लागला, म्हणून दिमास नावाचा एक चाहता जकार्ताहून थेट बांडुंगला आमच्या घरी आला. रेकॉर्डर सुरू करून त्याने माझ्या नवऱ्याला पहिलाच प्रश्न विचारला, "गुगुनदादा, राग मानू नका, पण लोक आता तुमच्या आवाजासाठी नाही, ड्रमसाठी ती कॅसेट शोधतायत. कव्हरवर नुसतं 'एल' लिहिलंय. कोण हो हा माणूस?"

तळलेली केळी ठेवायला वाकलेली मी तशीच थांबले. अंगाशी बांधलेल्या बातिक कापडाच्या झोळीत बाळ होतं. माझ्या वडिलांना कळू नये म्हणून तेव्हा माझं लिलिस हे नाव मी एका अक्षरात लपवलं होतं. आता वडील नाहीत. या प्रश्नाची वाट मी कधीपासून बघत होते.

गुगुनने माझ्याकडे एकदा पाहिलं. मग म्हणाला, "होता एक पोरगा. लग्न करून गेला कुठेतरी. ताल सगळे मीच सांगायचो त्याला."

"अरेरे! भेटला असता तर त्याचा हात आदराने माझ्या कपाळाला लावला असता," दिमास हळहळला. "शेवटच्या गाण्यात काय वाजवलंय! वेड लागतं."

बाळ चुळबुळलं. मी भिंतीला टेकून त्याच्या पाठीवर थोपटत राहिले. शेवटच्या गाण्याचा तोच ताल. त्याच्याशिवाय ते झोपतच नाही.

दिमासने अवघडून माझ्यापुढे हात जोडले. "वहिनी, तेवढं थोपटणं थांबवाल का? रेकॉर्डिंगमध्ये नुसती धपधप येतेय."