भगवानरावांचा दस्ता

निवडणूक लागली तशी भगवानरावांनी परवान्याची रायफल ठाण्यात जमा केली. तिचा खांद्याला टेकवायचा कंपनीचा दस्ता टोचायचा, म्हणून तो तेवढा काढून घरी ठेवला आणि त्यावर हौसेनं कार्बन फायबर चढवलं. ते वाळेपर्यंत साखर कारखान्याची निवडणूक लागली, मग बँकेची, मग दूध संघाची. रायफल ठाण्यातच राहिली.

आता गावात टँकर आला, की भगवानराव नुसता दस्ता खांद्याला लावून, एक डोळा मिटून उभे राहतात. हंड्यांची रांग जराही मोडत नाही.

टँकरच्या नव्या ड्रायव्हरनं हसत रांगेतल्या सुभद्राबाईंना विचारलं, "मावशी, बंदुकीला नळीच न्हाई. मग तुमी भेता कावून?"

"तुज्या टँकरात तरी पाणी कुठं हाय, बाबा? तरी आमी रांगेत हावच की."